आमच्या वेळची गाणी

मेळाव्याच्या पहिल्याच बैठकीत माझं काम ठरून गेलं. "तू कॉम्प्युटरवाली, संध्याकाळच्या कार्यक्रमाची गाणी तू जमव." वादाला जागा नको म्हणून मी आपल्या १९९५ च्या दहावीच्या सगळ्यांना निरोप धाडला की प्रत्येकाने आवडती पाच गाणी कळवावीत. ज्यांचे नंबर मिळाले त्या सरांना आणि बाईंनाही फोन केले. आठ दिवसांत याद्या आल्या आणि त्याबरोबर टोमणेही. "हल्लीचं काही घालू नकोस, ती काय गाणी आहेत?" हे वाक्य तर मी इतक्यांकडून ऐकलं, की आपण सगळे खरोखरच पंचेचाळिशी ओलांडली याची खात्री पटली.

सवयीप्रमाणे मी त्या गाण्यांचा तक्ता केला आणि प्रत्येक गाण्यापुढे ते आलं ते साल लिहिलं. आपल्या वर्गाची बहुतेक गाणी आपण पाचवी ते अकरावीत होतो त्या काळातली निघाली. 'मैंने प्यार किया'पासून 'रंगीला'पर्यंत, म्हणजे १९८९ ते १९९५. शिक्षकांच्या याद्या पन्नाशी-साठीच्या दशकांत रेंगाळलेल्या. प्रत्येकजण 'आमच्या वेळची' म्हणून जी गाणी सांगत होता, ती त्याच्या शाळा-कॉलेजच्या वेळची होती. इथवर नवल काहीच नाही. हॉलब्रुक आणि शिंडलर या दोन अमेरिकन संशोधकांनी १९८९ सालीच एका छोट्या पाहणीवरून लिहून ठेवलं आहे, की माणसाला सर्वांत जास्त भावतात ती गाणी त्याच्या तेविशी-चोविशीच्या आसपासची असतात. आपण आणखी जरा लवकर पिकलो, एवढंच.

पण तक्त्यात काही नोंदी या हिशेबात बसेनात. बऱ्याच जणांच्या यादीत चौथं किंवा पाचवं गाणं असं होतं, की जे यायच्या वेळी आपला जन्मही झालेला नव्हता. कुणाचं गीतरामायणातलं, कुणाचं 'मत्स्यगंधा'तलं, कुणाचं गजाननराव वाटव्यांचं. आणि सहा मुलींनी तर एकच नाट्यपद लिहिलं होतं. ते पद वाचून माझे कान गरम झाले. त्याचं कारण शेवटी सांगते. आधी थोडा इतिहास, कारण 'हल्लीची गाणी ती काय गाणी' हे वाक्य नेमकं किती जुनं आहे, ते मला शोधायचं होतं.

आपण सांगलीची माणसं, त्यामुळे सुरुवात लांब जाऊन करायला नको. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' केलं ते आपल्याच गावात. पुढे ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं आणि संगीत नाटकाचं युग सुरू झालं. किर्लोस्करांच्या पदांच्या चाली लोकांच्या ओळखीच्या होत्या. साकी, दिंडी, ओवी, कीर्तनात ऐकलेलं वळण. मग १९११ साली 'मानापमान' आलं, त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. १९१६ साली 'स्वयंवर' आलं, त्याच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. त्यांनी नाट्यपदात रागदारी भरली आणि बालगंधर्वांनी ती घराघरांत नेली. एकेका पदाला 'वन्स मोअर' मिळून नाटक पहाटेपर्यंत चालू लागलं. गाणं वाढलं आणि नाटक मागे पडलं, ही तक्रार तेव्हापासूनची. म्हणजे आज ज्याला आपण 'अस्सल जुनं' म्हणून हात जोडतो, तेही एकेकाळी 'हल्लीचं' होतं.

पुढची उडी यंत्रांमुळे पडली. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला गाणं मावायचं जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं. दुसरीकडे मायक्रोफोन आला, आणि शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची गरज उरली नाही. हळू, कानाशी बोलल्यासारखं गाता येऊ लागलं. या दोन गोष्टी जुळल्या तिथे भावगीत रुजलं. एक ध्रुवपद, दोन-तीन अंतरे, शब्द स्पष्ट आणि तीन मिनिटांत खेळ आटोपला. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात केशवराव भोळ्यांनी संगीत दिलं, त्यातही लांबलचक पदांना फाटा देऊन अशी सुटसुटीत गाणी होती. त्याच सुमारास जे. एल. रानडे, जी. एन. जोशी यांच्या तबकड्या घरोघर वाजू लागल्या, आणि नंतर वाटव्यांना ऐकायला चौकाचौकांत गर्दी होऊ लागली. गंधर्वांच्या बैठकीवर पोसलेल्या माणसांना हे गाणं पाण्यासारखं पातळ वाटलं असणार. त्यांच्या मुलांना मात्र तेच प्यायचं होतं.

मग रेडिओ. इथे पिढ्यांच्या आवडीचं भांडण थेट सरकारदरबारी पोचलं. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. हे मराठी गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे कट्टर चाहते. सिनेमाच्या गाण्यांनी जनतेची अभिरुची बिघडते असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांनी आकाशवाणीवरच्या चित्रपटगीतांना कात्री लावली आणि बघता बघता ती जवळजवळ नाहीशी झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि सगळी तरुण पिढी रेडिओची सुई फिरवून श्रीलंकेला गेली. शेवटी १९५७ साली आकाशवाणीने 'विविध भारती' सुरू केली, तेव्हा कुठे ती मंडळी परत येऊ लागली. हुकमाने आवड बदलत नाही, हा धडा सरकारला पाच वर्षांत मिळाला.

पण गंमत पुढेच आहे. याच केसकरांच्या काळात, १ एप्रिल १९५५ या रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं. आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभरात ५६ गीतं. रेडिओला हार घालून, समोर उदबत्ती लावून लोक ते ऐकत, असं आपल्या सगळ्यांच्या आज्यांनी सांगितलेलं आहे. ते लिहिलं गदिमांनी आणि चाली दिल्या सुधीर फडक्यांनी. दोघेही सिनेमाचे लेखक-संगीतकार! अभिरुची बिघडते म्हणून ज्या दारातून सिनेमाला बाहेर काढलं, त्याच दारातून सिनेमावाल्यांनी आत येऊन आपल्या आजी-आजोबांना आयुष्यभराची गाणी दिली. नाट्यसंगीताचंही तेच. १९६४ सालच्या 'मत्स्यगंधा'त जितेंद्र अभिषेकींनी नाट्यपद आटोपशीर करून नव्या कानांसाठी बांधलं. आपल्या आईवडिलांच्या पिढीचं 'जुनं नाट्यसंगीत' त्यांच्या तरुणपणी नवंकोरं होतं.

आणि मग आपण. मी १९७९ ची. त्याच वर्षी सोनीने वॉकमन बाजारात आणला, हे मला इंजिनीयर झाल्यावर कळलं आणि उगाचच अभिमान वाटला. आपली पिढी कॅसेटची. पेन्सिल घालून फीत गुंडाळणारी, कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून द्यायला दुकानदाराला चिठ्ठी देणारी, ब बाजूच्या शेवटी अर्धंच गाणं बसलं तरी ते तसंच पाठ करणारी. कॅसेटने एक मोठी गोष्ट केली. तबकडी काढायला मोठी कंपनी लागायची, रेडिओवर जायला निवड समितीतून पार पडावं लागायचं. कॅसेट मात्र थोड्या भांडवलात निघायची. त्यामुळे प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलाची गाणी, आनंद शिंदे यांची लोकगीतं, वामनदादा कर्डक यांची भीमगीतं गावोगाव पोचली. ज्यांचं गाणं मोठ्या दारांतून सहसा आत येत नव्हतं, त्यांना कॅसेटने स्वतःचं दार दिलं.

हे मी पुस्तकी लिहीत नाही. आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीच्या यादीत पाचच्या पाच भीमगीतं होती. मी तिला म्हटलं, "अगं, यातलं एकही मी कधी ऐकलेलं नाही." ती शांतपणे म्हणाली, "तू गावभागातली. तुमच्याकडे गीतरामायण लागायचं तेव्हा आमच्या गल्लीत हे लागायचं. एकाच बाकावर बसायचो आपण, पण तू कधी विचारलं नाहीस आणि मी कधी सांगितलं नाही." तेव्हा माझ्या तक्त्याला एक मोठं भोक पडलं. आमचं वय एक, वर्ग एक, बाकसुद्धा एक. ऐकलेलं मात्र वेगळं. 'आमच्या वेळची गाणी' म्हणताना त्या 'आमच्या'त कोण कोण असतं, हेही एकदा मोजायला हवं. ती पाचही गाणी मी ऐकली. त्यातली दोन मेळाव्याला लागणार आहेत.

आता ते नाट्यपद, ज्याने माझे कान गरम केले.

डिसेंबर १९९३. आपली नववी. स्नेहसंमेलनासाठी आपल्या संगीताच्या सरांनी आम्हा आठ मुलींचं एक पद दोन महिने बसवलं होतं. मधल्या सुट्टीत डबा अर्धा टाकून तालमीला जायचो. 'बाजीगर' नुकताच लागला होता आणि वर्गाने त्यातल्या गाण्यावर नाच ठरवला होता. कार्यक्रम लांबला म्हणून मुख्याध्यापकांकडून निरोप आला की नववीने दोनपैकी एकच काय ते करावं. वर्गात हात वर करून मतं घेतली. मी मॉनिटर. मीच सरांकडे गेले आणि मीच बोलले. "सर, ते पद जुनाट आहे. मुलं हसतात. आम्हाला नाही म्हणायचं." सरांनी पेटीचा भाता बंद केला, वर कापड घातलं आणि म्हणाले, "बरं." एवढंच. दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा अलंकार शिकवायला लागले.

आठपैकी सहा मुलींनी बत्तीस वर्षांनी तेच पद आवडतं म्हणून लिहावं, हे मला नीट कळेना. म्हणून दिवाळीत सांगलीला गेले तेव्हा सरांकडे गेले. सर आता सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत. ऐकू थोडं कमी येतं, पण पेटी अजून पलंगाशेजारी आहे. काकूंनी चहा टाकला. मी सरांना विचारलं, "तुमची पाच गाणी सांगा." माझी अपेक्षा होती, पाचही बालगंधर्वांची असतील.

सर म्हणाले, "लिही. पहिलं 'अनारकली'तलं. सी. रामचंद्रांचं."

मी बघतच राहिले.

"तुला काय वाटलं? गीतमाला सुरू झाली तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. मिरजेला बुवांकडे शिकायला जायचो आणि बुधवारी रात्री चहाच्या हॉटेलासमोर उभा राहून रेडिओ ऐकायचो. बुवांना कळलं असतं तर पाठ सोलून निघाली असती. त्यांनी बालगंधर्व ऐकलेले. त्यांना वाटव्यांचं भावगीतसुद्धा चालायचं नाही, सिनेमा तर लांबच राहिला. 'बैजू बावरा' बघायला मात्र त्यांना मी फसवून नेलं. म्हटलं, त्यात अमीर खाँ आहेत, डी. व्ही. पलुसकर आहेत. पलुसकर म्हणजे मूळचे आपल्या पलूसचे! मग कुठे आले."

"मग आम्हाला तुम्ही नाट्यपदंच का शिकवलीत?"

"तुमची गाणी तुम्हाला कोण शिकवणार? ती तुम्ही आपली आपण शिकत होताच. माझी मी आपली आपण शिकलो. बुवांची मात्र मला कुणीतरी दिली म्हणून आली. ती पुढे द्यायला नकोत का?" मग पेटीकडे बोट करून म्हणाले, "हिचंच बघ. साहेबाच्या वेळी, १९४० साली, रेडिओने हिला परकी म्हणून बाहेर काढलं. तीसेक वर्षं ती बाहेर होती. म्हणून कीर्तनात वाजायची थांबली का? घराघरांत वाजतच राहिली."

मी इतकी वर्षं समजत होते, की सर आपली आवड आमच्यावर लादत होते. त्यांच्या आवडीची गाणी तर त्यांनी आम्हाला कधी ऐकवलीच नव्हती. ते देत होते ते त्यांच्याही आधीच्या पिढीचं होतं.

परत आल्यावर एक संशोधन वाचनात आलं, ते इथे सांगायलाच हवं. २०१३ साली कॅरल क्रमहन्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी विशीतल्या मुलांना गेल्या पन्नासेक वर्षांतली गाजलेली गाणी ऐकवली. त्या मुलांना स्वतःच्या काळातली गाणी जवळची वाटली, हे अपेक्षितच होतं. पण त्यांचे आईवडील तरुण होते त्या काळातल्या गाण्यांशीही त्यांचं नातं ठळक दिसलं, आणि त्याहीमागे साठच्या दशकातल्या गाण्यांशीसुद्धा. माझ्या तक्त्यातल्या चौथ्या-पाचव्या ओळीचा उलगडा मला तिथे झाला. माणसाचा कान दोनदा भरतो. एकदा तो स्वतः धावत जाऊन भरून घेतो, पंधराव्या-विसाव्या वर्षी. आणि त्याच्याही आधी घरात, गल्लीत, शाळेत जे न विचारता कानावर पडतं, त्याने भरतो. पहिल्याचा गाजावाजा होतो. दुसरं गुपचूप साठत राहतं आणि चाळिशीनंतर वर येतं.

मला काळजी वाटते ती या दुसऱ्याची. जुलै १९९५ मध्ये, म्हणजे आपण दहावीच्या गुणपत्रिका घेऊन अकरावीच्या प्रवेशासाठी धावत होतो तेव्हा, जर्मनीत फ्राउनहोफर संस्थेतल्या इंजिनीयरांनी आपल्या नव्या फाइलीला 'एमपीथ्री' हे शेपूट लावायचं ठरवलं. सीडीवरचं गाणं साधारण अकराव्या हिश्शात मावू लागलं. कॉलेजात विनॅम्पवर आम्ही ती गाणी वाजवली, तेव्हा अख्खं हॉस्टेल एकाच स्पीकरवर ऐकायचं. आज प्रत्येकाचा फोन वेगळा, प्रत्येकाच्या कानात वेगळं. आणि गाणी सुचवणारी प्रणाली कालच्या आवडीवरून आजचं गाणं निवडते. मी याच क्षेत्रातली आहे, म्हणून सांगते, ती आपलं काम चोख करते. मला १९९४ आवडतं हे तिला पक्कं कळलं आहे, आणि ती मला तिथून हलू देत नाही. "तुला आवडो न आवडो, हे बसव" असं म्हणणारे सर तिच्यात नाहीत.

माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. तिच्या कानात कोरियन गाणी असतात, आणि ती काय आहेत हे मला तिच्या मान हलवण्यावरून ओळखावं लागतं. तिला मी 'हल्लीची गाणी' वगैरे कधी ऐकवत नाही, माझी मला लाज वाटते. पण परवा दात घासताना ती 'कट्यार'मधलं पद गुणगुणत होती. मूळ नाटक १९६७ चं, संगीत अभिषेकींचं. तिला ते आलं २०१५ च्या सिनेमातून. ती पाच वर्षांची असताना गाडीत आम्ही त्याची सीडी इतकी वाजवली की ती रडकुंडीला यायची. मी विचारलं, "हे तुला आवडतं?" ती म्हणाली, "नाही. येतं फक्त." मला तेवढं पुरे आहे. आठ मुलींनाही नववीत ते पद फक्त येतच होतं.

सरांकडून निघताना मी दारात थांबले आणि म्हटलं, "सर, नववीत मी तुम्हाला बोलले होते. जुनाट म्हणाले होते. चुकलं माझं." काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. सर जरा वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, "तो तुमचा नाच मी मंडपामागे उभा राहून बघितला. चाल बरी होती. पण तुमचे पाय लयीत पडत नव्हते गं. डावीकडची तिघं तर कायम मागे."

डावीकडच्या तिघांत मी होते.

तर मित्रमैत्रिणींनो, मेळाव्याच्या संध्याकाळचा कार्यक्रम असा ठरला आहे. फोन आणि कानातली यंत्रं दारात ठेवायची आणि सगळी गाणी मोठ्या स्पीकरवर लागायची. आपली मुलं आली असतील तर त्यांचीही दोन गाणी लागतील, आणि ती आपण नाक न मुरडता पूर्ण ऐकायची. 'बाजीगर'वर ज्यांना नाचायचं असेल त्यांनी गुडघ्यांचा अंदाज घेऊन नाचावं. पण सुरुवात त्या राहिलेल्या पदाने होईल. सर पेटीवर बसायचं कबूल झाले आहेत. आठपैकी सातजणींनी होकार कळवला आहे. आठवी परदेशात आहे, तिच्या जागी माझी मुलगी उभी राहील, तसं तिला अजून सांगितलेलं नाही.

एकच अडचण आहे. दुसऱ्या अंतऱ्याची तान आमच्यापैकी कुणालाच नीट आठवत नाही. सर म्हणतात, तालमीला आलात तर सांगेन. तालीम आदल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता, शाळेच्या संगीताच्या खोलीत. डबा खाऊन या.